कोडाच्या डागात रंग परत कसा येतो: रंगपेशींच्या प्रवासाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पांढऱ्या डागांवर उपचार घेणाऱ्यांकडून आणि त्यांच्या घरच्यांकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. बहुतेकांच्या मुळाशी एकच तक्रार असते: एवढं औषध लावलं, तरी रंग ठिपक्याठिपक्यांनी आणि इतका सावकाश का येतो? कारण औषधात रंग नसतो. डागात जिवंत पेशी दुसरीकडून सरकत यावी लागते. ती निघते कुठून, तिला वाट मिळते का, आणि पोचल्यावर ती टिकते का, हे कळलं की बाकीची उत्तरं आपोआप सुटत जातात. खाली दिलेल्या मात्रा उपचार समजून घेण्यासाठी आहेत. तुमची मात्रा तुमच्या त्वचारोगतज्ज्ञांनीच ठरवायची.

१. रंगपेशी म्हणजे नेमकं काय? गोऱ्या माणसात त्या कमी असतात का?

रंगपेशी म्हणजे मेलॅनोसाइट. बाह्यत्वचेच्या सगळ्यात खालच्या थरात, साधारण दहा पेशींमागे एक, अशा त्या बसलेल्या असतात. प्रत्येकीला फांद्या असतात आणि त्या फांद्यांतून ती आसपासच्या सुमारे ३६ त्वचापेशींना रंग पुरवते. मेलॅनिन हा रंग मेलॅनोसोम नावाच्या अतिसूक्ष्म पुड्यांत भरलेला असतो.

गोरा, गव्हाळ, सावळा, कोणीही असो, रंगपेशींची संख्या जवळपास सारखीच असते. पुड्या किती मोठ्या, किती भरलेल्या आणि किती दिवस टिकणाऱ्या, यावर वर्ण ठरतो. संख्या बदलते ती शरीराच्या भागानुसार: चेहरा आणि जननेंद्रियांवर जास्त, धडावर कमी. कोड सगळ्याच वर्णांच्या लोकांना होतं. आपल्याकडे ते उठून दिसतं, इतकंच.

२. उन्हात त्वचा काळवंडते, तेव्हा रंगपेशी हलतात का?

नाही. तिथे पुड्या हलतात, पेशी जागेवरच असते. त्वचापेशी त्या पुड्या घेऊन वर सरकतात आणि काही आठवड्यांत कोंड्यासारख्या झडून जातात, म्हणून टॅन उतरतो. हा फरक महत्त्वाचा आहे. डागात रंग पुरवणारी पेशीच नसेल, तर नुसतं ऊन घेऊन डाग काळवंडत नाही. उलट शेजारची त्वचा गडद होते आणि डाग आणखी पांढरा वाटतो.

३. मग रंगपेशी त्वचेत मुळात येतात कुठून?

पाठीकडून. गर्भात मज्जारज्जूची नळी तयार होत असताना तिच्या काठावर पेशींचा एक पट्टा असतो, त्याला न्यूरल क्रेस्ट म्हणतात. त्यातून रंगपेशींच्या पूर्वज पेशी निघतात आणि त्वचेखालून दोन्ही बाजूंनी पोटाकडे सरकत जातात. काही पूर्वज पेशी नसांच्या कडेने येतात, तिथल्या श्वान (Schwann, नसांभोवती आवरण करणाऱ्या) पेशींच्या कुळातून. गर्भाच्या सातव्या-आठव्या आठवड्याच्या सुमाराला त्या बाह्यत्वचेत दिसू लागतात. पुढे बऱ्याच पेशी तिथेच राहतात आणि काही केसांच्या मुळांत उतरतात. केसांच्या मुळांत उतरलेल्या या पेशी पुढे फार कामाला येतात (प्रश्न ६).

सगळ्यात लांबचा पल्ला कपाळाच्या आणि पोटाच्या मध्यरेषेपर्यंतचा. किट नावाच्या जनुकात बिघाड असला की पेशी तिथवर पोचत किंवा टिकत नाहीत, आणि बाळ जन्मतःच कपाळावर पांढरी बट आणि पोटावर पांढरा पट्टा घेऊन येतं. याला पायबाल्डिझम म्हणतात. ते कोड नाही, वाढत नाही, आणि क्रीम किंवा लाइट ट्रीटमेंटने (मशीनमधून अतिनील किरण देऊन, प्रश्न १०) भरत नाही.

४. बाळाच्या कमरेवर निळसर डाग आहे. कोणी मारल्यासारखा दिसतो. हा काय प्रकार?

याच प्रवासात वाटेत अडकलेल्या पेशी. बाह्यत्वचेपर्यंत न पोचता त्या अंतस्त्वचेत राहिल्या. मेलॅनिन तपकिरीच असतं, पण इतक्या खोलवरून प्रकाश विखरून बाहेर येतो, म्हणून डाग निळा-राखाडी दिसतो. भारतीय बाळांत हे फार सामान्य आहे आणि बहुतेकांत पहिल्या काही वर्षांत फिकट होऊन जातं. काहीही लावू नका. चेहऱ्यावर एका बाजूला, डोळ्याभोवती असा निळसर डाग असेल तर मात्र तो वेगळा प्रकार असतो, आपोआप जात नाही, आणि डोळ्यांची तपासणी करावी लागते.

५. डाग कोडाचाच आहे हे कशावरून समजायचं?

कोडाचा डाग खडूसारखा पांढरा, कडा स्पष्ट, स्पर्शाची जाणीव शाबूत, खपली नाही. अंधाऱ्या खोलीत वूड्स लॅम्पखाली (डॉक्टरांकडचा अतिनील प्रकाशाचा दिवा) तो निळसर-पांढरा चमकतो. शिबं फिकट असतात, पूर्ण पांढरी नसतात, आणि त्यांवर बारीक कोंडा असतो. मुलांच्या गालावरचे फिकट ठिपके बहुधा कोरड्या त्वचेचे असतात. फिकट डागावर स्पर्श किंवा गरम-गार कळत नसेल तर कुष्ठरोगाची तपासणी लगेच करून घ्या. कुष्ठरोग औषधांनी पूर्ण बरा होतो. ‘श्वेतकुष्ठ’ या जुन्या शब्दाने दोन रोगांची गल्लत करून ठेवली आहे. कोड हा कुष्ठरोग नाही आणि तो स्पर्शाने पसरत नाही.

६. डागातल्या रंगपेशी मेलेल्या असतात, तर रंग परत येतो कुठून?

तीन ठिकाणांहून: डागातल्या केसांच्या मुळांतून, डागाच्या कडेवरून, आणि नव्या डागात अजून तग धरून असलेल्या पेशींतून.

सर्वांत मोठा साठा केसांच्या मुळांत असतो. मुळाच्या बाहेरच्या आवरणात रंग न बनवणाऱ्या, झोपेत असल्यासारख्या रंगपेशी असतात, हे स्टारिक्को यांनी १९५९ मध्येच नोंदवलं होतं. कोडात शरीराच्याच रोगप्रतिकारक पेशींचा बाह्यत्वचेतल्या रंगपेशींवर हल्ला होतो, पण हा खोलवरचा साठा बरेचदा वाचतो. उपचाराने त्या पेशी जाग्या होतात, वाढतात, आवरणाच्या कडेने वर चढतात आणि केसाच्या तोंडाशी येऊन गोलाकार पसरतात. म्हणून रंग आधी केसाभोवती तपकिरी ठिपक्यासारखा दिसतो. ठिपके वाढत एकमेकांना मिळतात, मग लोक म्हणतात ‘डाग भरतोय’.

कडेवरून येणारा रंग काही मिलिमीटर आत सरकतो आणि बरेचदा तिथेच थांबतो. लहान डाग तेवढ्याने मिटतो, मोठा मिटत नाही.

७. पेशी एवढ्या दाट त्वचेतून सरकतात तरी कशा?

आधी पकड सोडावी लागते. रंगपेशी शेजारच्या त्वचापेशींना ई-कॅड्हेरिन नावाच्या प्रथिनाने धरून असते. ती पकड सैल झाली की पेशी पुढच्या बाजूला एक पाय काढते, खालच्या पायाभूत पडद्याला इंटेग्रिन प्रथिनांनी चिकटते, आतला ॲक्टिनचा सांगाडा आवळून मागचं अंग ओढून घेते. वाट दाट असेल तर एमएमपी-२ आणि एमएमपी-९ ही विकरं मधला अडथळा विरघळवतात. दिशा दाखवतात त्वचापेशीच. अतिनील किरण पडले की त्या एंडोथेलिन-१ आणि स्टेम सेल फॅक्टर यांसारखे रेणू सोडतात, आणि रंगपेशी त्या दिशेने निघतात.

टॅक्रोलिमस हे कोडावर लावायचं मलम नुसतं दाह कमी करतं असं वाटत होतं, पण प्रयोगशाळेत ते पूर्वज रंगपेशींना सरकायलाही मदत करतं असं दिसलं आहे. मलम आणि लाइट एकत्र दिल्यावर चेहऱ्यावर निकाल जास्त चांगला येतो, त्यामागचं एक कारण हे असावं.

पोचल्यावर पुन्हा घट्ट पकड घ्यावी लागते. कोडात ही पकड मुळातच कच्ची असते, असं सध्याचं संशोधन सांगतं, आणि घर्षणाने पेशी सुटून वर वाहून जाते (प्रश्न ११).

८. माझ्या डागातले केसही पांढरे झालेत. काही आशा?

आमच्या मते डाग कितीही मोठा असो, आधी हेच पाहायला हवं: भिंग घेऊन डागातली लव काळी आहे की पांढरी. काळी असेल तर साठा शाबूत आहे आणि औषधाला संधी आहे. सगळी पांढरी असेल तर साठाही संपलाय. मलम आणि लाइट यांचा उपयोग फारच थोडा. अशा वेळी रोग स्थिर असल्यास शस्त्रक्रियेचा विचार लवकर करावा (प्रश्न १३). एकाच बाजूला पट्ट्यासारखं येणारं कोड या प्रकारात मोडतं: केस लवकर पांढरे होतात, पण वर्षभरात रोग बहुधा थांबतो आणि शस्त्रक्रियेला उत्तम दाद देतो.

९. चेहरा भरला, पण बोटांची टोकं आणि ओठ तसेच. औषध तेच, मग असं का?

चेहऱ्यावर लव दाट, म्हणून साठा मोठा. बोटांची टोकं, तळवे, ओठ, मनगटाची आतली बाजू इथे केस नाहीत किंवा अगदी विरळ आहेत. रंग फक्त कडेवरून येऊ शकतो. शिवाय हात सतत घासले जातात. प्रतिसादाचा क्रम साधारण असा: चेहरा आणि मान, मग धड, मग हातपाय, शेवटी पंजे. पंजांवर सहा महिने लाइट घेऊन एकही ठिपका नसेल तर तिथला उपचार थांबवून डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलणं बरं.

१०. लाइट ट्रीटमेंट किती दिवस घ्यायची? मध्ये खंड पडला तर?

वापरतात ती नॅरोबँड यूव्हीबी, ३११ ते ३१३ नॅनोमीटरची. आठवड्यातून दोन-तीनदा, लागोपाठच्या दिवशी कधीच नाही. सुरुवात साधारण २०० मिलिज्यूल प्रति चौरस सेंटिमीटरने. प्रत्येक वेळी १० ते २० टक्के वाढ, डाग गुलाबी होईपर्यंत. २४ तासांत मावळणारी गुलाबी छटा हीच योग्य मात्रेची खूण; ती आली की मात्रा तिथेच ठेवायची. लालबुंद झाला तर फिका होईपर्यंत थांबायचं आणि आधी सोसलेल्या मात्रेवर परत यायचं. दुखलं किंवा फोड आला तर बरं होईपर्यंत पूर्ण बंद.

खंड पडला तर: ४ ते ७ दिवस गेले असतील तर मात्रा तीच; ८ ते १४ दिवस गेले तर २५ टक्के कमी; १५ ते २१ दिवस गेले तर निम्मी; त्याहून जास्त गेले तर पुन्हा पहिल्यापासून. गणपतीत गावी जाऊन आल्यावर ‘मागच्याच आकड्यावर लावा’ असा आग्रह धरणाऱ्यांनाच बहुतेकदा भाजतं. दोन आठवड्यांत त्वचेची सवय मोडलेली असते.

पहिले ठिपके दिसायला एक ते दोन महिने, कधी जास्त. पेशीला जागं व्हायचं, वाढायचं आणि मुळापासून वर यायचं असतं, हे घाईने होत नाही. निकालाचा पहिला आढावा १८ ते ३६ बैठकांनंतर घ्यावा, आणि ७२ बैठका होईपर्यंत ‘उपयोग नाही’ असा शिक्का मारू नये. दर महिन्याला त्याच खिडकीपाशी, त्याच अंतरावरून फोटो काढा. आरशात रोज बघून काहीच कळत नाही. डोळ्यांना गॉगल हवाच, आणि पुरुषांनी जननेंद्रिय झाकावं.

११. नाडीच्या जागी, टिकलीच्या जागी नवे डाग येतात. हा योगायोग आहे का?

नाही, पण ही कारणं वेगळी आहेत. परकराची किंवा सलवारीची घट्ट नाडी, घड्याळाचा पट्टा, चष्म्याची दांडी, आंघोळीला घासणी: इथे सततच्या घर्षणाने पेशी सुटतात. याला कोबनर परिणाम म्हणतात. उपाय साधा आहे: नाडीऐवजी रुंद सैल पट्टा, आणि घासणी बंद.

टिकलीचं प्रकरण रासायनिक. तिच्या गोंदात असलेलं पॅरा-टर्शरी-ब्युटिल-फिनॉल रंगपेशींना विषारी ठरू शकतं. काही रबरी चपलांतल्या आणि केसांच्या कलपांतल्या रसायनांनीही तसंच होतं. टिकलीच्या आकाराचाच डाग असेल तर आधी टिकली कायमची सोडा आणि कुंकू-गंधाची खातरजमा डॉक्टरांकडून करून घ्या. नुसतं थांबवून काहींचा रंग परत येतो. लावत राहून उपचार करणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं.

१२. बावचीचं तेल लावून उन्हात बसावं का? घरात सगळे तेच सांगतात.

बावचीत सोरॅलेन (त्वचेवर उन्हाचा परिणाम वाढवणारं द्रव्य) असतं आणि त्याचा परिणाम खरा आहे. इजिप्तमध्ये एल मोफ्ती यांनी १९४० च्या दशकात दुसऱ्या एका वनस्पतीतल्या अशाच द्रव्यांवर काम केलं आणि आधुनिक प्रकाशोपचाराला दिशा मिळाली. म्हणजे आजीचं ज्ञान निराधार नव्हतं.

अडचण मात्रेची आहे. तेलात सोरॅलेन किती, हे बाटलीगणिक बदलतं. ऊन किती, हे महिन्यागणिक बदलतं. सोरॅलेनने भाजलेलं लगेच दिसत नाही, ते दोन-तीन दिवसांनी वर येतं, तोवर माणसाने आणखी दोनदा तेल लावलेलं असतं. फोड येतात, आणि फोडाची जखम म्हणजे कोबनरला आमंत्रण: होता त्यापेक्षा डाग मोठा होतो. वैशाखात गच्चीवर हा प्रयोग अजिबात नको. ज्यांचं लाइट चालू आहे त्यांनी सोबत बावची लावली तर भाजण्याचा धोका दुप्पट नाही, कितीतरी पट वाढतो, आणि डॉक्टरांना सांगितलेलं नसतं म्हणून दोष मशीनला दिला जातो.

१३. शस्त्रक्रियेत नेमकं काय करतात? ती कधी फसते?

साठा संपला असेल तर बाहेरून आणून लावायचा. अट एकच, पण कडक: किमान वर्षभर नवा डाग नाही, जुना वाढलेला नाही, जखमेच्या जागी पांढरं झालेलं नाही. इथे एक खूण लक्षात ठेवा. पांढऱ्या डागातले तपकिरी ठिपके ही चांगली बातमी. निरोगी त्वचेवर उधळलेले तांदळाएवढे पांढरे ठिपके म्हणजे रोग जोरात आहे. त्या काळात केलेली शस्त्रक्रिया वाया जाते.

पंच ग्राफ्टिंगमध्ये १ ते १.५ मिलिमीटरचे त्वचेचे गोळे मांडीवरून किंवा नितंबावरून काढून डागात ५ ते १० मिलिमीटर अंतरावर बसवतात. प्रत्येक गोळ्यातून पेशी बाहेर सरकतात आणि कडी एकमेकांना मिळतात. शंका असेल तर आधी काही गोळे बसवून तीन महिने थांबतात. भोवती एक मिलिमीटरपेक्षा जास्त रंग पसरला तर पुढे जायचं.

मोठ्या डागाला पेशींचा द्राव बरा. डागाच्या क्षेत्रफळाच्या एक-तृतीयांश ते एक-दशांश एवढा पातळ त्वचेचा तुकडा घेतात. तो ०.२५ टक्के ट्रिप्सिनमध्ये (प्रथिनं विरघळवणारं विकर) ३७ अंश सेल्सिअसला सुमारे तासभर ठेवला की बाह्यत्वचा सुटी होते. तिच्यातल्या पेशी वेगळ्या करून, यंत्रात गरगर फिरवून (सेंट्रिफ्यूज करून) थोड्या द्रवात घेतात. डाग मशीनने घासतात, टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे थेंब दिसेपर्यंत, त्यापुढे नाही. द्राव पसरून वर ड्रेसिंग, ५ ते ७ दिवस न हलवता. रंग तीन-चार आठवड्यांनी दिसू लागतो, जुळायला तीन ते सहा महिने.

फसतं ते इथे: घासणं उथळ राहिलं तर पेशी पायाभूत पडद्यापर्यंत पोचत नाहीत, खोल गेलं तर व्रण राहतो, रक्त जास्त आलं तर द्राव वाहून जातो, कोपर-गुडघ्यावर ड्रेसिंग सरकतं. आणि सगळं नीट होऊनही रोग स्थिर नसेल तर नव्या पेशींवरही तोच हल्ला होतो.

१४. पंच ग्राफ्टनंतर रंग आला, पण जागा खडबडीत झाली. हे बसेल का?

गोळा त्याच्या खळग्यापेक्षा मोठा किंवा जाड असला की वर उठून राहतो. १ मिलिमीटरचे पंच वापरले आणि खळगा किंचित खोल ठेवला तर हे कमी होतं. बऱ्याच जणांत वर्षभरात बरंच सपाट होतं, उरलेलं हलका चटका देऊन बसवता येतं. चेहऱ्यासाठी पंच टाळून द्राव किंवा सक्शन ब्लिस्टर (त्वचा ओढून फोड आणायचा आणि त्याची पातळ साल डागावर लावायची) निवडावं, असं आमचं मत.

१५. पूर्ण भरलेला डाग औषध बंद केल्यावर त्याच जागी परत पांढरा का झाला?

कारण हल्ला करणाऱ्या पेशीही त्या जागी मुक्काम ठोकून असतात. सीडी-८ प्रकारच्या काही टी पेशी (रोगप्रतिकारक यंत्रणेतल्या पेशी) स्मृती घेऊन त्वचेतच राहतात. औषधाने त्या दबतात, जात नाहीत. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच चाचणीत, भरलेल्या डागांवर आठवड्यातून दोनदा ०.१ टक्के टॅक्रोलिमस लावलं तेव्हा २४ आठवड्यांत सुमारे १० टक्के डाग परत पांढरे झाले. औषध नसलेलं नुसतं मलम लावलेल्यांत ४० टक्के. म्हणून रंग आल्यावर मलम एकदम सोडू नका, आठवड्यातून दोनदावर आणा. लाइटही हळूहळू कमी करतात.

रुक्सोलिटिनिब क्रीमला अमेरिकेत जुलै २०२२ मध्ये १२ वर्षं आणि त्यावरील रुग्णांसाठी मान्यता मिळाली. ते याच हल्ल्याचा संदेश अडवतं. चाचण्यांत २४ आठवड्यांनी सुमारे ३० टक्के रुग्णांचा चेहरा किमान ७५ टक्के सुधारला. पेशींना सरकायला ते लावत नाही. त्यांच्यावरचा मार थांबवतं. तेव्हा साठ्याचा प्रश्न इथेही तोच (प्रश्न ८).

१६. दूध आणि मासे एकत्र खाल्ल्याने, आंबट खाल्ल्याने रंगपेशी मरतात का?

नाही. याला आधार नाही. मुलांचं लिंबू, चिंच, दही, मासळी सगळं तोडून त्यांना अशक्त करू नका. थायरॉइडची तपासणी मात्र करून घ्या. कोडासोबत थायरॉइडचे स्वयंप्रतिकार विकार जास्त आढळतात.

१७. डाग भरतोय, पण कडेला आजूबाजूपेक्षाही गडद रिंग आली. जास्त झालं का?

लाइट निरोगी त्वचेवरही पडतो आणि ती टॅन होते. शिवाय नव्याने आलेल्या पेशी सुरुवातीला जोरात रंग बनवतात. उपचार थांबल्यावर काही महिन्यांत ते जुळतं. ही रिंग घालवायला उजळवणारी क्रीम लावू नका. हायड्रोक्विनोनसारख्या द्रव्यांचा रोख रंगपेशींवरच असतो, आणि ज्या पेशी एवढ्या कष्टाने आणल्या त्यांनाच ती इजा करू शकतात.

१८. पांढऱ्या केसांतला रंग याच पद्धतीने परत आणता येईल?

सध्या नाही. न्यू यॉर्क विद्यापीठातल्या मायुमी इतो यांच्या गटाने २०२३ मध्ये उंदरांत दाखवलं की केसांच्या मुळातल्या रंगाच्या मूळ पेशी दोन कप्प्यांत ये-जा करतात. केस वारंवार गळून उगवले की त्यांतल्या बऱ्याच पेशी एका कप्प्यात अडकून पडतात, आणि पुढचा केस पांढरा येतो. म्हणजे पेशी असते, पण हलत नाही. माणसात यावरून उपचार निघालेला नाही. त्या नावाने विकली जाणारी तेलं घेऊ नका.

१९. रंगपेशींचं स्थलांतर वाढवणाऱ्या उपचारांनी कॅन्सर होतो का?

मेलॅनोमात (रंगपेशींच्या कॅन्सरमध्ये) रंगपेशी गर्भातल्यासारख्या मोकाट सरकू लागतात, म्हणून ही भीती समजण्यासारखी आहे. नॅरोबँड यूव्हीबी घेतलेल्या कोडाच्या रुग्णांत आतापर्यंत मेलॅनोमा वाढल्याचं दिसलेलं नाही. तरीही वर्षातून एकदा पूर्ण त्वचेची तपासणी करून घ्या. भारतीयांत मेलॅनोमा बरेचदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली येतो. तिथला वाढता, वेड्यावाकड्या कडेचा काळा डाग, किंवा नखावर रुंद होत जाऊन मुळाच्या त्वचेवर उतरणारी काळी रेघ दिसली तर मलम लावत बसू नका, बायोप्सी करून घ्या.